कार्बन आणि त्याची संयुगे : खोलीच्या तापमानाला स्थायू, द्रव की वायू?

प्रयोगवही
नववी-दहावीच्या वर्गासाठी एक भिंततक्ता करायला घेतला आहे. कार्बन आणि त्याची संयुगे खोलीच्या तापमानाला कोणत्या अवस्थेत असतात, हा विषय. बहुतेक मार्गदर्शकांत एक ओळ असते आणि मुले ती पाठ करतात : एक ते चार कार्बन म्हणजे वायू, पाच ते सतरा म्हणजे द्रव, अठरापासून पुढे स्थायू.

माझे म्हणणे असे की ही ओळ खोटी नाही, पण ती फक्त सरळ साखळीच्या अल्केनांची (नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या, एकेरी बंधांच्या संयुगांची) आहे, तीही २५ °से आणि एक वातावरण दाबाला. मुले ती सरसकट सगळ्या कार्बनी संयुगांना लावतात. एकेकच कार्बन असलेली तीन संयुगे घ्या. फॉर्माल्डिहाइड वायू (उत्कलनांक उणे १९), मिथेनॉल द्रव (उत्कलनांक ६४.७), युरिया स्थायू (१३३ ला वितळतो). कार्बन मोजून इथे काहीच कळत नाही.

तक्त्यासाठी सीमेवरची उदाहरणे हवी आहेत. थोडे तापमान हलले की अवस्था बदलते अशी, शक्यतो घरात किंवा शाळेत दाखवता येतील अशी, आणि आकड्यांसह. शिवाय एक प्रश्न हमखास येतो : कार्बन स्वतः द्रव का होत नाही? याचे दहावीला झेपेल असे उत्तर कसे द्यावे?

अणुरेणू
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हिऱ्यात किंवा ग्रॅफाइटमध्ये कार्बनचा सुटा रेणू नसतोच. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी बांधलेला, बंधाची लांबी १.५४ अँगस्ट्रॉम. सबंध खडा हा एकच अवाढव्य रेणू. ग्रॅफाइटमध्ये थर असतात : थरातल्या दोन अणूंमधले अंतर १.४२ आणि दोन थरांमधले ३.३५. थर एकमेकांवरून घसरतात म्हणून पेन्सिल कागदावर उमटते, पण घसरणे म्हणजे वितळणे नव्हे. वितळायला थराच्या आतले बंध तुटावे लागतात. ते तुटू लागेपर्यंत तापमान ३६०० °से च्या पुढे गेलेले असते, आणि सामान्य दाबाला सुटलेले अणू द्रवात न थांबता थेट वाफेत जातात.

द्रव कार्बन हवाच असेल तर सुमारे १०० वातावरण दाब आणि ४५०० केल्व्हिनच्या आसपास तापमान लागते. म्हणजे कार्बनलाही त्रिक बिंदू आहे (तिथे स्थायू, द्रव, वायू तिन्ही एकत्र नांदतात, त्याहून कमी दाबाला द्रव टिकत नाही), फक्त तो आपल्या रोजच्या दाबाच्या खूप वर आहे. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू ५.१ वातावरण आणि उणे ५६.६ °से. म्हणून शुष्क बर्फ उघड्यावर वितळत नाही, उणे ७८.५ ला सरळ उडून जातो. दोघांचे कारण एकच आहे हे मुलांना दाखवून द्या, दोन्ही गोष्टी एकदम लक्षात राहतात.

फुलरिनची गोष्ट वेगळी. तिथे साठ अणूंचा सुटा गोल रेणू आहे, १९८५ साली सापडलेला. तो टोल्युइनमध्ये विरघळून जांभळा रंग देतो आणि निर्वातात ६०० °से च्या आसपास संप्लवन पावतो, म्हणजे न वितळता वाफ होतो. मूलद्रव्य तेच, पण इथे रेणूला रेणू धरून ठेवणारे बल दुबळे. ग्रॅफाइट मात्र कशातच विरघळत नाही.

ओतशाळा
अणुरेणू, शेवटच्या वाक्याला हरकत आहे. वितळलेल्या लोखंडात ग्रॅफाइट उत्तम विरघळतो, बीडाचे (ओतीव लोखंडाचे) सगळे ओतकाम त्यावरच उभे आहे. शुद्ध लोखंड १५३८ °से ला वितळते. त्यात ४.३ टक्के कार्बन मिसळला की मिश्रण ११४७ ला द्रव होते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये हे रोजचे काम.

बिघडते कुठे तेही सांगतो. नुसता कार्बन मोजून भागत नाही, सिलिकॉन आणि फॉस्फरसचा तिसरा हिस्सा त्यात धरावा लागतो. ही बेरीज ४.३ च्या वर गेली आणि ओतीव नग जाड असला की थंड होताना ग्रॅफाइट सगळ्यात आधी बाहेर पडतो आणि हलका असल्याने वर तरंगतो. नगाच्या वरच्या अंगाला चकचकीत काळे पापुद्रे दिसतात, तिथली ताकद जाते. उलट बेरीज कमी आणि नग पातळ असेल तर ग्रॅफाइट तयारच होत नाही. लोह कार्बाइड होऊन पांढरे बीड बनते, त्यावर टूल चालत नाही.

अणुरेणू
ओतशाळा, मान्य. 'कोणत्याही सेंद्रिय द्रावकात विरघळत नाही' असे म्हणायला हवे होते.

शाळामास्तर
खोलीचे तापमान म्हणजे नक्की किती, हे आधी तक्त्यावर लिहा. पुस्तकातले २५ वेगळे, डिसेंबरात निफाडला पहाटेचे वेगळे आणि मे महिन्यात चंद्रपूरचे वेगळे. सतरा कार्बनांचे हेप्टाडेकेन २२ °से ला वितळते, अठराचे ऑक्टाडेकेन २८ ला, विसाचे आयकोसेन ३७ च्या जरा खाली. म्हणजे 'अठरापासून स्थायू' ही ओळ विदर्भाच्या उन्हाळ्यात 'एकविसापासून'च्या पुढे सरकते, आणि थंडीत सोळा कार्बनांचे हेक्झाडेकेनही (१८) गोठते.

पेंटेनचा उत्कलनांक ३६. तेव्हा 'पाचापासून द्रव' हेही मे महिन्यात टिकत नाही.

गंधकफूल
माझ्या मते मूळ नियम एवढा मोडीत काढायची गरज नाही. रेणू जड झाला की स्थायू, हलका असला की वायू. कार्बन मोजण्याऐवजी रेणुवस्तुमान मोजा, बहुतेक उदाहरणे बसतात. कार्बनचे चार हॅलाइड बघा : टेट्राफ्लुओराइड वायू (उत्कलनांक उणे १२८), टेट्राक्लोराइड द्रव (७६.७), टेट्राब्रोमाइड स्थायू (९० च्या वर वितळतो), टेट्राआयोडाइड लाल स्थायू. प्रत्येकात एकच कार्बन, आकार सारखाच, फक्त वजन वाढते.

काचपात्र
गंधकफूल, हॅलाइडांचे उदाहरण सुरेख आहे, तक्त्यावर घ्यावेच. पण त्यातले कारण वजन नव्हे. मोठ्या अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग सैल असतो, तो सहज हलतो, त्यामुळे रेणू एकमेकांना जास्त ओढतात. वजन त्याबरोबर वाढते एवढेच. नाहीतर टेट्राफ्लुओराइड (रेणुवस्तुमान ८८) वायू आणि मिथेनॉल (३२) द्रव, हे कसे जुळवणार? इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांचे तर रेणुसूत्रही एकच, वस्तुमान ४६. पहिला ७८ ला उकळतो, दुसरा उणे २५ ला. फरक हायड्रोजन बंधाचा : इथेनॉलच्या OH गटातला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला ओढून धरतो, ईथरमध्ये तसे होत नाही.

आणि इथे एक गोष्ट मुलांना सहसा सांगितली जात नाही : 'कधी उकळेल' आणि 'कधी वितळेल' हे दोन निराळे प्रश्न आहेत. उकळणे ठरते रेणूंमधल्या ओढीवर. वितळणे ठरते ते ओढीबरोबरच रेणू स्फटिकात किती नीट रचले जातात यावर. पेंटेनचे तीन समघटक (रेणुसूत्र एकच, रचना निराळी) घ्या. सरळ साखळीचे पेंटेन ३६ ला उकळते, आयसोपेंटेन २८ ला, चेंडूसारखे गोल निओपेंटेन ९.५ लाच. म्हणजे पाच कार्बनांचे निओपेंटेन आपल्याकडे वायू, इथेच पाठ केलेली ओळ मोडते. पण वितळण्याचे बघाल तर उलटे : पेंटेन उणे १३०, निओपेंटेन उणे १६.६. गोल रेणू स्फटिकात चपखल बसतो. त्याला द्रव राहायला जेमतेम २६ अंशांची पट्टी उरते, पेंटेनला १६६ अंशांची.

झायलिनमध्येही हेच. तिन्ही समघटक १३८ ते १४४ दरम्यान उकळतात, पण सममित पॅराझायलिन १३ ला गोठते, मेटा उणे ४८ ला. बेंझिन ५.५ ला गोठते आणि त्याला एक मिथाइल गट जोडलेले टोल्युइन उणे ९५ ला, जड असूनही.

गंधकफूल
बेंझिन-टोल्युइनच्या जोडीने पटले. वजनाचा नियम उकळण्यापुरता, तोही एकाच कुळातल्या संयुगांत. माझे वाक्य तेवढ्यावर आणतो.

ओवाफूल
काचपात्र म्हणतात ती गोल रेणूची गोष्ट कापरात डोळ्यांनी दिसते. कापूर दहा कार्बनांचा, आकाराने जवळजवळ गोल. वितळतो १७५ ते १८० °से ला आणि उकळतो २०९ च्या आसपास, द्रवाची पट्टी तीसेक अंशांचीच. म्हणून डबी उघडी राहिली की वडी न वितळता झिजते.

पण वर्गात दाखवायला याहून चांगला प्रयोग आहे, अमृतधारा. कापूर स्थायू, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल स्थायू (४२ ला वितळते), ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल स्थायू (५० ला वितळते). तिन्ही १०-१० ग्रॅम घ्या, कोरड्या काचेच्या बाटलीत टाका, बूच घट्ट लावा आणि हलवत राहा. तापवायचे अजिबात नाही. काही मिनिटांत कडा ओल्या होतात आणि थोड्या वेळात सगळे पातळ, पारदर्शक होते. तीन स्थायू एकत्र आले आणि खोलीच्याच तापमानाला द्रव झाले, कोणतीही रासायनिक अभिक्रिया न होता. एकाचे रेणू दुसऱ्याच्या स्फटिकरचनेत बसत नाहीत, त्यामुळे मिश्रणाचा द्रवणांक तिघांच्याही खाली उतरतो. ओतशाळा यांनी लोखंड आणि कार्बनचे सांगितले तेच हे.

चुका होतात त्या अशा. बाटली ओली असेल तर द्रव गढूळ होतो. पूजेच्या वड्यांत बांधणीसाठी काही मिसळलेले असेल तर तळाशी गाळ बसतो, म्हणून शुद्ध कापराचे खडे घ्या. पातळ प्लॅस्टिकची डबी वापरू नका, द्रव तिला चिकट करतो. भीमसेनी कापूर म्हणजे बोर्निऑल, तो २०० च्या वर वितळतो, पण त्यानेही हे जमते. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, तेव्हा प्रयोगानंतर बाटली शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावी.

वाचनवेडी
तीन पांढऱ्या पुड्या हलवता हलवता पाणी झाल्या की वर्ग बाकावर चढणार! ओवाफूलताई, दोनच घेऊन चालेल का? ओव्याचे फूल आमच्याकडे सहज मिळत नाही.

ओवाफूल
चालेल. कापूर आणि मेंथॉल समभाग घेतले तरी पातळ होतात. फक्त हिवाळ्यात वेळ जास्त लागतो. बाटली तळहातात धरून हलवा.

डांबरी_सडक
कापराच्या जोडीने डांबरगोळी आलीच. नॅफ्थालिन ८० ला वितळते, तरी कपाटात वर्षभरात संपते. पण बाजारातली प्रत्येक गोळी नॅफ्थालिनची नसते, पुष्कळशा पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात (द्रवणांक ५३). ओळखायची सोपी रीत : एका ग्लासात साधे पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत मीठ टाकलेले पाणी. कापूर दोन्हींत तरंगतो. नॅफ्थालिन साध्या पाण्यात बुडते, मिठाच्या पाण्यात तरंगते. पॅराडायक्लोरोबेंझिन दोन्हींत बुडते. गोळीला हवेचे बुडबुडे चिकटले तर फसगत होते, ते काडीने झटकावेत.

ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते त्यांना नॅफ्थालिनने रक्तपेशी फुटण्याचा त्रास होतो. गोळ्या हाताळायला चिमटा द्यावा आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत.

गॅसमिस्त्री
घरातले सगळ्यात मोठे उदाहरण राहिलेच, स्वयंपाकाचा सिलिंडर. प्रोपेन उणे ४२ ला उकळते, ब्यूटेन उणे ०.५ ला. दोन्ही खोलीत वायू, तरी सिलिंडरमध्ये द्रव, कारण आत दाब काही वातावरणांचा असतो. १४.२ किलोच्या सिलिंडरची धारणक्षमता ३३.३ लिटर, आणि तो पूर्ण भरत नाहीत. उन्हात द्रव फुगतो, त्याला वर मोकळी जागा ठेवावीच लागते.

मुलांना विचारायचा प्रश्न : निम्मा गॅस संपल्यावर दाब निम्मा होतो का? नाही. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच, तो फक्त तापमानावर ठरतो. म्हणून दाब मोजून गॅस किती उरला ते कळत नाही, वजनच करावे लागते. रिकाम्या सिलिंडरचे वजन कड्यावर कोरलेले असते, ते वजा करा. ओल्या फडक्याने सिलिंडर पुसला तर द्रव आहे तेवढा भाग उशिरा सुकतो, त्यावरूनही अंदाज येतो.

मोठ्या शेगडीवर भराभर गॅस ओढला की सिलिंडरवर दव धरते, कधी बर्फही. द्रवाची वाफ व्हायला लागणारी उष्णता तो स्वतःतूनच काढतो, थंड पडतो, दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी लोक सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात किंवा आडवा करतात. दोन्ही धोक्याचे. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. योग्य उपाय म्हणजे दोन-तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर (सामाईक नळीवर) जोडणे.

शेणखत
गॅसमिस्त्री, मग गोबरगॅस सिलिंडरमध्ये असाच भरून का मिळत नाही? तोही जळाऊ वायूच आहे. गावोगाव हा प्रश्न विचारला जातो, नीट उत्तर लिहून ठेवावे.

त्रिकबिंदू
याचे उत्तर क्रांतिक तापमानात आहे. प्रत्येक वायूचे एक तापमान असते, त्याच्या वर कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही. प्रोपेनचे ते ९७ °से, ब्यूटेनचे १५२, म्हणून ते घरात दाबाखाली द्रव राहतात. मिथेनचे उणे ८२.६. आपल्या हवेत मिथेन दाबून द्रव करणे अशक्यच.

३३.३ लिटरच्या घरगुती सिलिंडरमध्ये त्याला झेपणाऱ्या सात-आठ बार दाबाला मिथेन भरला तर २५ °से ला तो सुमारे पावणेदोनशे ग्रॅम बसेल. एलपीजी बसतो १४.२ किलो. शिवाय गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्केच, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, त्यात थोडा हायड्रोजन सल्फाइड जो ओलाव्याबरोबर पोलाद खातो. तेव्हा आधी शुद्धीकरण, मग २०० बारला दाबणे, आणि त्यासाठी जाड भिंतीचे वेगळे सिलिंडर. रिक्षातला सीएनजी हाच : २०० बारचा मिथेन, आणि तरीही वायूच. द्रव मिथेन हवा तर उणे १६२ पर्यंत थंड करावे लागते, तसा तो जहाजातून दाभोळच्या टर्मिनलवर उतरतो.

घरगुती एलपीजी सिलिंडरमध्ये गोबरगॅस भरायचा खटाटोप कोणीही करू नये. दाब वाढवत गेले तर तो सिलिंडर फुटतो.

चंद्रपूरकर
कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ °से आहे ना? मग आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अग्निशामकातला द्रव पूर्ण वायू होत असणार.

त्रिकबिंदू
३१.१ बरोबर, थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली याच वायूवर ते दाखवले. पण 'वायू होतो' असे म्हणता येत नाही. अग्निशामकात एका लिटर जागेत सुमारे ०.६७ किलो भरतात. ही घनता क्रांतिक घनतेपेक्षा (क्रांतिक तापमानाला द्रव-वायूतला फरक मिटतो तेव्हाची घनता, ०.४७) जास्त आहे. म्हणून तापमान चढू लागले की द्रव आटत नाही, फुगतो. २७-२८ °से ला त्याने सबंध सिलिंडर व्यापलेला असतो. ३१ च्या वर द्रव आणि वायू यांतली सीमाच पुसली जाते. दाब मात्र झपाट्याने चढतो : २० °से ला ५७ बार, ५० ला सव्वाशेच्याही वर. जास्त भरलेला सिलिंडर उन्हात ठेवला की सुरक्षा चकती फुटते ती यामुळे. या अग्निशामकाला दाबमापक नसतो, तो वजनानेच तपासतात. दहा टक्क्यांहून जास्त वजन घटले की परत भरायचा.

वापरताना हात कर्ण्याच्या (वायू बाहेर पडतो त्या रुंद तोंडाच्या) दांडीवरच हवा. बाहेर पडताना वायू प्रसरण पावून इतका थंड होतो की त्याचा काही भाग शुष्क बर्फाचे कण बनतो आणि कर्ण्याला धरलेली बोटे भाजल्यासारखी होतात. एक किलो शुष्क बर्फाचा सुमारे साडेपाचशे लिटर वायू होतो. वर्गात तो आणलात तर घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीच ठेवू नका, खिडक्या उघड्या ठेवा.

वेल्डिंगवाला
ॲसिटिलीन राहिला. तोही उणे ८४ ला न वितळता उडणारा, खोलीत वायू. पण त्याला दाबून द्रव करून भरत नाहीत. एक-दीड बारच्या वर मोकळा ॲसिटिलीन हवेशिवायही फुटू शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ ठासून भरतात, त्यात ॲसिटोन शोषवतात, आणि त्या ॲसिटोनमध्ये ॲसिटिलीन विरघळवतात. सिलिंडर नेहमी उभा. आडवा वाहून आणला असेल तर वापरण्याआधी उभा ठेवून थांबायचे, नाहीतर ॲसिटोन नळीत येतो आणि ज्योत रंग बदलते. एका तासात आतल्या वायूच्या सातव्या हिश्शाहून जास्त ओढू नये. तांब्याची नळी जोडायची नाही, तांब्याशी होणारे ॲसिटिलाइड आपटले तरी फुटते.

भिरंडेल
स्वयंपाकघरात सीमा ओलांडणारा पदार्थ म्हणजे खोबरेल. २४ °से च्या आसपास थिजते. त्यात निम्म्याच्या जवळपास लॉरिक आम्ल, साखळी बारा कार्बनांची आणि संतृप्त. शेंगदाणा तेलातल्या बहुतेक साखळ्या अठरा कार्बनांच्या, तरी ते पातळ, कारण असंतृप्त साखळीला दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्या एकमेकींना लागून बसत नाहीत. स्टिअरिक आम्ल ६९ ला वितळते, ओलेइक १३-१६ ला. दोन्हींत अठराच कार्बन, फरक एका दुहेरी बंधाचा.

याच्या वरचा टप्पा म्हणजे आमचे कोकमाचे तेल, मुठेल किंवा भिरंडेल. बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर आलेला मेद काढून मुठीने वळून गोळे करतात. ते ३८ ते ४१ ला वितळते. रेणूत दोन बाजूंना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक, रचना नीटस, म्हणून द्रवणांकही उंच. टाचेवर नुसते घासले तर उतरत नाही, पळीत तापवून लावतात. खोबरेल, मुठेल आणि शेंगदाणा तेल तीन परीक्षानळ्यांत घाला, नळ्या आणि तापमापी एका पातेल्यातल्या पाण्यात ठेवा. बर्फापासून सुरुवात करून हळूहळू तापवा. घाईने तापवले तर नळीत मेद पाण्यापेक्षा मागे राहतो आणि आकडा पाच-सहा अंशांनी वर दिसतो. मिनिटाला एक अंश, याहून वेगाने नको.

काचपात्र
भिरंडेल यांच्या शेवटच्या सूचनेला जोड : तेले-तुपे मिश्रणे आहेत, त्यांना एकच द्रवणांक नसतो. 'मऊ पडले' आणि 'पूर्ण पारदर्शक झाले' अशी दोन तापमाने नोंदवायला सांगा.

शाळेच्या प्रयोगशाळेतही सीमेवरची बाटली असते, ग्लेशियल (जवळजवळ बिनपाण्याचे) ॲसिटिक आम्ल. १६.६ ला गोठते, थंडीत कपाटातच दगड होते. बूच सैल करून २५-३० °से च्या कोमट पाण्यात उभी ठेवा, ज्योतीवर कधीच नाही. पाणी गोठताना फुगते, हे आम्ल गोठताना आक्रसते. त्यामुळे खालून भराभर तापवले तर खालचे वितळून फुगते, वरचा गोळा वाट अडवतो आणि काच तडकते. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून घेऊ नका. स्फटिक शुद्ध आम्लाचे असतात, पाणी उरलेल्या द्रवात साचते, मग तुमच्या द्रावणाची तीव्रता चुकते. एक टक्का पाण्याने गोठणबिंदू सुमारे दोन अंश उतरतो, म्हणून हे तापमान शुद्धतेची चाचणी म्हणूनही वापरतात.

अगदी २५ च्या रेषेवरचे हवे असतील तर टर्शरी ब्यूटेनॉल (२५.५) आणि सायक्लोहेक्झॅनॉल (२५.९). ग्लिसरीनचा द्रवणांक १८, पण ते बहुधा गोठत नाही, अतिशीत होऊन, म्हणजे द्रवणांकाखाली जाऊनही, द्रवच राहते. तेव्हा तक्त्यावरचा आकडा आणि बाटलीत दिसणारी अवस्था जुळली नाही तर लगेच आकडा चूक समजू नये.

चंद्रपूरकर
फॉर्मलिन थंडीत पांढरे होते तेही गोठणेच का?

काचपात्र
नाही. फॉर्माल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मलिन. थंडीत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पॅराफॉर्माल्डिहाइड ही लांब साखळी बनते आणि पांढरा साका बसतो. ते रोखायला त्यात मिथेनॉल घालतात. हा नुसता अवस्थाबदल नाही, तक्त्यात घेऊ नका.

डांबरी_सडक
थोडे अवांतर, पण विषयाला धरून. डांबराला तिन्हींपैकी कोणत्या रकान्यात टाकणार? हातोडी मारली तर फुटते, ठेवून दिले तर वाहते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली सुरू झालेल्या प्रयोगात नरसाळ्यातले डांबर ठिबकते आहे, एका थेंबाला कित्येक वर्षे लागतात. रस्त्याच्या डांबराला द्रवणांक नसतोच, म्हणून व्हीजी-३०, व्हीजी-४० अशी (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड) प्रतवारी ६० °से ला ते किती दाट आहे यावर करतात. जिथे ऊन तापते आणि जड ट्रक थांबतात तिथे व्हीजी-४०, नाहीतर चाकोऱ्या पडतात.

शाळामास्तर
हा मुद्दा अवांतर नाही. प्रयोगवही, 'वितळत नाही, मऊ पडते' अशा पदार्थांची एक ओळ ठेवाच : डांबर, मेण, व्हॅसलिन, प्लॅस्टिक.

अणुरेणू
आणि संगमरवर, चुनखडी, धुण्याचा सोडा यांना विसरू नका. तीही कार्बनची संयुगे, पण आयनिक, म्हणून खोलीत नेहमी स्थायू. टँटॅलम कार्बाइड तर ३८०० °से च्या आसपास वितळते. दुसऱ्या टोकाला निकेल कार्बोनिल : धातूचे संयुग असूनही ४३ ला उकळणारा द्रव, कारण निकेलचा अणू चार कार्बन मोनॉक्साइड रेणूंनी बाहेरून झाकला जातो. अत्यंत विषारी, तक्त्यावर फक्त नावापुरते.

प्रयोगवही
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे हाती लागेल असे वाटले नव्हते. तीन रकान्यांचा बेत सोडून दिला. प्रत्येक संयुगाला एक आडवी पट्टी काढते : द्रवणांकापासून उत्कलनांकापर्यंत निळी, डावीकडे करडी, उजवीकडे पिवळी. उणे २०० ते ३०० °से, एका सेंटिमीटरला दहा अंश, म्हणजे पन्नास सेंटिमीटर. त्यावर १० ते ४५ चा उभा पट्टा म्हणजे आपल्याकडची खोली. युरियासारखी विघटन पावणारी संयुगे कशी दाखवू? आणि उभा पट्टा साडेतीन सेंटिमीटरच होतोय, त्यात खोबरेल, टर्शरी ब्यूटेनॉल, ऑक्टाडेकेन एकमेकांवर चढतात.

काचपात्र
विघटन पावणाऱ्यांची निळी पट्टी द्रवणांकापाशी सुरू करून लगेच तुटक रेघेने संपवा, साखरही त्यातच (१८६ च्या आसपास). कापूर, निओपेंटेन यांच्या आखूड निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा. शुष्क बर्फ, ॲसिटिलीन आणि ग्रॅफाइट यांना निळी पट्टीच नाही. ग्रॅफाइट कागदाबाहेर जाईल, तिथे बाण काढून ३६०० लिहा.

शाळामास्तर
गर्दीसाठी खाली दुसरा तक्ता जोडा, ० ते ५० °से, एका अंशाला एक सेंटिमीटर. त्यात उकळणारी वेगळ्या रंगाने : निओपेंटेन ९.५, ॲसिटाल्डिहाइड २०, आयसोपेंटेन २८, पेंटेन ३६, डायक्लोरोमिथेन ४०, कार्बन डायसल्फाइड ४६. वितळणारी तुमच्याकडे आहेतच, त्यांत फिनॉल ४१ घाला. खोबरेल आणि मुठेलाला बिंदू न देता जाड पट्टा द्या. आणि कडेला सुतळीने एक खरी तापमापी टांगा, त्या दिवशीची खोलीची रेघ मुलांनीच पट्टीने सरकवावी.